वास्तुकला आणि नियोजन महाविद्यालयाच्या गुणवंत माजी विद्यार्थ्यांचा गौरव कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सत्कार समारंभांची वाण कधीच नव्हती. शाल, श्रीफळ, फेटा आणि स्मृतिचिन्ह ही सामग्री बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यालयांत वर्षभर तयार असते, आणि सूत्रसंचालकाला प्रास्ताविकापासून आभारापर्यंतचा क्रम पाठ असतो. मात्र वास्तुकला आणि नगर नियोजन शिकवणारे महाविद्यालय आपल्या माजी विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावते, तेव्हा समोर बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: या माणसाने काय उभे केले, आणि ते कसे जमवले? बहुतेक समारंभांत तिला ऐकू येते ती पदांची, परदेश दौऱ्यांची आणि कार्यालयांच्या शाखांची यादी. पुढे सुचवलेली सारी पद्धत गौरवाचा केंद्रबिंदू त्या यादीवरून प्रत्यक्ष कामावर आणण्यासाठी आहे. या पद्धतीला पैसा फारसा लागत नाही. वेळ मात्र जवळजवळ वर्षभराचा लागतो.

निवड समिती

समिती सहा किंवा सात जणांची असावी. तीत एक विद्यमान अध्यापक, वेगवेगळ्या तुकड्यांतील दोन माजी विद्यार्थी, एक नियोजनकार आणि येथे कोणताही व्यावसायिक संबंध नसलेला हुबळी, कोल्हापूर किंवा पणजीकडचा एक आर्किटेक्ट असावा. याखेरीज वास्तुव्यवसायाशी संबंध नसलेली, पण इमारती रोज वापरणारी एखादी व्यक्ती, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ग्रंथपाल किंवा दवाखान्याच्या व्यवस्थापक, जरूर घ्यावी. रेखाचित्र पाहून भारावून न जाणारा एक तरी माणूस समितीत असला, की चर्चा जमिनीवर राहते.

बाहेरच्या सदस्याचा आग्रह धरण्याला कारण आहे. वास्तुकलेच्या पदवीची तुकडी साधारणतः चाळीसच्या आसपास असते, पाच वर्षे सगळे एकाच स्टुडिओत रात्री जागवतात आणि पुढे एकमेकांच्या कार्यालयांत उमेदवारी करतात. एवढ्या लहान वर्तुळात निःपक्ष निवड केवळ सद्भावनेवर होत नाही. म्हणून प्रत्येक सदस्याकडून पहिल्याच बैठकीत लेखी घ्यावे, की नामांकन झालेल्यांपैकी कोणाशी आपले नातेसंबंध, भागीदारी, नोकरी किंवा देणेघेणे आहे. ज्या नावाशी असा संबंध असेल त्याच्या चर्चेच्या वेळी त्या सदस्याने खोलीबाहेर जावे.

प्रायोजकांबद्दलही तेवढीच काळजी घ्यावी. सिमेंट, रंग, टाइल्स आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या विकणारे व्यापारी अशा कार्यक्रमांना आनंदाने पैसे देतात, कारण श्रोत्यांत त्यांचे भावी ग्राहक बसलेले असतात. पैसे घ्यायला हरकत नाही. निवड जाहीर होईपर्यंत कोणत्याही प्रायोजकाला नावे कळू नयेत आणि सत्कारमूर्तीचे छायाचित्र त्याच्या जाहिरातीत जाऊ नये, एवढे पाळावे. आर्किटेक्टच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या १९८९ च्या नियमांनी स्वतःच्या सेवेच्या जाहिरातीवर मर्यादा घातल्या आहेत, आणि उत्साही प्रायोजकामुळे सत्कारमूर्तीच अडचणीत यावा यासारखा विरोधाभास दुसरा नाही.

कोणाचा गौरव करावा

नामांकन खुले असावे आणि स्वतःचे नाव स्वतः सुचवण्याची मुभा असावी. आपल्याकडे स्वतःचे नाव पाठवणे आगाऊपणाचे मानले जाते, त्यामुळे गोकाक किंवा अथणीत एकट्याने कार्यालय चालवणारा चांगला आर्किटेक्ट मागे राहतो आणि ज्याच्याभोवती मित्रमंडळी आहे त्याचे नाव चार जण पाठवतात. नामांकनाच्या अर्जात कामाचे ठिकाण, पूर्ण झाल्याचे वर्ष, क्षेत्रफळ, त्या कामातील अर्जदाराची नेमकी भूमिका आणि इतर सहभागींची नावे विचारावीत. पुरस्कारांची यादी विचारूच नये. मागे कोणीतरी गौरवले म्हणून आपण गौरवायचे, या साखळीतून नवे नाव कधी पुढे येत नाही.

तरुण पदवीधर, मधल्या टप्प्यातील व्यावसायिक आणि प्रदीर्घ कारकीर्द असलेले ज्येष्ठ असे तीन गट पुरेसे आहेत. वयोगट ठरवताना पदवीनंतरची सलग वर्षे मोजण्याऐवजी प्रत्यक्ष कामाची वर्षे मोजावीत, कारण बाळंतपण, घरातील आजारपण किंवा शेतीच्या वाट्याला आलेली जबाबदारी यांमुळे अनेक मुलींची, आणि काही मुलांचीही, कारकीर्द मध्येच थांबते व उशिरा पुन्हा सुरू होते.

पदवी घेऊन दुसऱ्या वाटेला गेलेल्यांचा विचारही व्हावा: नाटक-चित्रपटांचे नेपथ्य करणारे, पुराण्या वास्तूंचे मोजमाप करून नोंदी ठेवणारे, अध्यापक, नगरपालिकेतील अभियंत्याच्या शेजारच्या टेबलावर बसून नकाशे तपासणारे. मात्र येथे एक कायदेशीर खबरदारी आवश्यक आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याखेरीज नावामागे ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही; केवळ पदवी पुरेशी नाही. म्हणून निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी प्रत्येकाची नोंदणी चालू आहे का हे पाहावे, आणि नसल्यास ‘वास्तुकला पदवीधर’ असे लिहावे. नियोजनकारांसाठी असा कायदा नाही. तेथे इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या १९५१ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व पाहिले जाते.

काम प्रत्यक्ष पाहणे

या सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ येथे द्यावा. आगा खान वास्तुकला पुरस्काराची पद्धत येथे मार्गदर्शक ठरावी. त्या पुरस्कारात अंतिम यादीतील प्रत्येक प्रकल्पाच्या जागी तज्ज्ञ स्वतः जातात, वापरणाऱ्यांशी बोलतात आणि त्यांचा अहवाल परीक्षकांपुढे ठेवला जातो. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधील ‘अरण्य’ या अल्प उत्पन्न गटासाठीच्या वसाहतीला तो पुरस्कार १९९५ साली मिळाला. तेथे गौरव झाला तो आखलेल्या भूखंडांचा, गटारांचा, पाण्याच्या जोडण्यांचा आणि लोकांना आपापल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवण्याची जी मोकळीक ठेवली होती तिचा. जिल्हास्तरावर एवढा खर्च शक्य नाही, पण दोन सदस्यांनी एका गाडीतून चार-पाच कामे पाहून येणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडते.

भेटींसाठी जुलै-ऑगस्ट हा काळ निवडावा, म्हणजे इमारतीची खरी परीक्षा पाहायला मिळते. बेळगाव जिल्हा बांधकामाच्या दृष्टीने एकसारखा नाही, हे येथील लोकांना सांगायला नको, परंतु बाहेरून आलेल्या परीक्षकाला सांगावे लागते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, सह्याद्रीचा मुसळधार पाऊस, तांबडी माती आणि जांभा दगड. आणि पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे कमी पाऊस, कडक ऊन आणि उन्हाळ्यात भेगाळून पावसात फुगणारी काळी माती. कणकुंबीकडच्या घराला उतरते छप्पर, रुंद पागोळी आणि भिंतीपासून दूर पाणी नेणारे गटार हवे, तर अथणीकडच्या घराला काळ्या मातीच्या हालचालीपासून पाया वाचवणारी रचना आणि दुपारची सावली. म्हणून दोन्हीकडच्या कामांना एकाच मापाने गुण देणे अन्यायाचे होते. ज्या जमिनीवर आणि ज्या हवामानात काम झाले, त्यांना ते किती जबाबदारीने सामोरे गेले एवढेच विचारावे.

इमारत किमान तीन पावसाळे काढलेली असावी. नुकत्याच रंगवलेल्या इमारतीची छायाचित्रे सुंदर येतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर छप्पर आणि भिंत जेथे मिळतात तेथील ओल, खिडकीखालचे काळे ओघळ आणि स्वच्छतागृहाच्या मागची भिंत खरे काय ते सांगतात. भेटीच्या वेळी मालकाशी बोलावेच, पण त्याआधी झाडलोट करणाऱ्या मावशींशी आणि रात्रपाळीच्या रखवालदाराशी बोलावे. कोणता दरवाजा पावसात फुगतो, कोणती खोली दुपारी कोणी वापरत नाही, आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत येतो तो उचलून की स्वतःच्या बळावर, हे त्यांना ठाऊक असते.

येथेच एक अवघड प्रश्न विचारणे आवश्यक आहे: इमारतीला रीतसर परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का? महापालिका, नगरपालिका किंवा बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, यांच्याकडून मंजूर झालेल्या नकाशापेक्षा वेगळे बांधकाम असेल, समास, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, सोडलेला नसेल किंवा वाहनतळाच्या जागी दुकाने निघाली असतील, तर रचना कितीही देखणी असली तरी महाविद्यालयाने तिचा गौरव करू नये. नियोजन शिकवणाऱ्या संस्थेने नियमभंगाला शाल पांघरावी, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते.

श्रेय कोणाचे, हाही चौकशीचा भाग आहे. इमारत एकट्याची कधीच नसते. भागीदार, रचना अभियंता, कार्यालयात रात्रभर तपशील काढणारे कनिष्ठ, कंत्राटदार, जांभ्याचे चिरे घडवणारे कारागीर, गवंडी आणि सुतार या सगळ्यांचे हात तिला लागलेले असतात. मोठ्या कार्यालयात नोकरी करणारा पदवीधर ‘मी केले’ म्हणून जे दाखवतो, त्यात त्याचा वाटा किती, हे त्या कार्यालयाकडून लेखी मागवावे. अशी विचारणा अपमानास्पद वाटेल म्हणून ती टाळली जाते, परंतु प्रामाणिक माणसाला तिचा राग येत नाही. उलट, आपल्या सहकाऱ्यांची नावे तो आपणहून पुरवतो.

नियोजनकाराचे न दिसणारे काम

आर्किटेक्टच्या इमारतीसमोर उभे राहून छायाचित्र काढता येते; नियोजनकाराने काय केले हे दाखवणे कठीण असते, आणि म्हणूनच अशा समारंभांत नियोजन शाखेचे पदवीधर मागे पडतात. ज्या रस्त्याची रुंदी वीस वर्षांपूर्वी आराखड्यात राखून ठेवली म्हणून आज रुग्णवाहिका जाऊ शकते, किंवा ज्या तळ्याकाठी बांधकामाला मनाई केली म्हणून पुढची वस्ती पुरात सापडली नाही, तेथे नियोजनकाराचे नाव कोणत्याही पाटीवर नसते. शिवाय कर्नाटकात १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होणारे बृहत् आराखडे ही खात्याची सामूहिक निर्मिती असते, आणि शासकीय सेवेतील माणसाला आपले श्रेय बोलून दाखवण्याची सोय नसते.

अशा नामांकनासाठी वेगळी कागदपत्रे मागवावीत: आराखड्याचा आधीचा व नंतरचा नकाशा, लोकांच्या हरकती आणि सूचनांवर काय निर्णय झाले याची टिपणे, आणि त्या निर्णयांमुळे जागेवर आज काय दिसते याची दोन-तीन छायाचित्रे. नकाशावरचा चांगला हेतू आणि प्रत्यक्षात उतरलेला बदल यांत समितीने फरक करावा, मात्र न उतरलेल्या आराखड्याचा दोष सरसकट नियोजनकारावर टाकू नये. निधी, भूसंपादन आणि राजकीय इच्छा या त्याच्या हातातील गोष्टी नसतात. अधिकारी सेवेत असेल तर सन्मान स्वीकारण्यासाठी खात्याची परवानगी लागू शकते, तेव्हा पत्रव्यवहार काही महिने आधी सुरू करावा.

मानपत्र

मानपत्र हा आपल्याकडे अतिशयोक्तीचा हक्काचा प्रांत झाला आहे. ‘आपल्या अलौकिक प्रतिभेने आपण वास्तुक्षेत्रात मानाचा तुरा रोवला आहे’ हे वाक्य नाव बदलून दंतवैद्यालाही देता येते. मानपत्रातील प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: ते दुसऱ्या कोणाच्या मानपत्रात बसेल का? बसत असेल तर काढून टाकावे. समजा, निपाणीतील तंबाखूच्या जुन्या वखारीचे कोणी वाचनालय केले असेल, तर असे लिहावे: ‘छपराचे सागवानी वासे आपण न बदलता दुरुस्त केले, उत्तरेकडील झडपा उघडून मेजांपर्यंत उजेड आणला, आणि खर्च वाचला त्यातून मुलांसाठी वेगळी खोली बांधली.’ हे ऐकताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काम उभे राहते आणि सत्कारमूर्तीलाही आपल्याकडे कोणीतरी नीट पाहिल्याचे समाधान मिळते.

दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. मसुदा सत्कारमूर्तीला आधी दाखवून वर्षे, ठिकाणे आणि सहकाऱ्यांची नावे तपासून घ्यावीत. मानपत्राची भाषा कोणती असावी, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. तिने मराठी म्हटले तर मराठी, कन्नड म्हटले तर कन्नड. आईवडिलांना ऐकता यावे म्हणून एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी भाषा मागितली, तर दोन्ही वाचाव्यात. भाषांतर करवून घेण्याऐवजी ती भाषा घरात बोलणाऱ्या अध्यापकाकडून ते स्वतंत्र लिहून घ्यावे.

तारीख, सभागृह आणि फलक

ऑक्टोबरचा पहिला सोमवार हा जागतिक वास्तुकला दिन आणि ८ नोव्हेंबर हा जागतिक नगर नियोजन दिन. दोन्ही कागदावर सोयीचे दिसतात. प्रत्यक्षात पहिला दिवस परतीच्या पावसात किंवा नवरात्राच्या गर्दीत सापडू शकतो. १ नोव्हेंबरच्या आसपास कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि त्याच दिवशी सीमाभागातील मराठी भाषक पाळतात तो काळा दिन यांमुळे शहरातील वातावरण, बंदोबस्त आणि वाहतूक यांचा भरवसा नसतो, त्यामुळे नियोजन दिनाची तयारीही त्यात अडकते. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरले, की बेळगावातील हॉटेलांच्या खोल्या मिळत नाहीत आणि ज्या मंत्र्यांना बोलवायचे ते शहरात असूनही येऊ शकत नाहीत. जानेवारीचा दुसरा पंधरवडा, विद्यापीठाच्या परीक्षा आणि प्रजासत्ताक दिन टाळून, सर्वांत बरा. पुणे-बेंगळुरूहून येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी शनिवार ठेवावा, म्हणजे रविवारी गावी जाऊन आईच्या हातचे जेवूनही परतता येते.

सभागृह मोठे घेण्याचा मोह टाळावा. महाविद्यालयाच्या स्टुडिओतच, ड्रॉइंगची टेबले भिंतीला लावून, कार्यक्रम केल्यास प्रदर्शनही तेथेच मांडता येते. फलक आणि निमंत्रणपत्रिका कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत कराव्यात. आस्थापनांच्या नामफलकांवर साठ टक्के कन्नड असण्याचा राज्याचा नियम कार्यक्रमाच्या पडद्यासाठी केलेला नसला, तरी कन्नड मजकूर वर आणि ठळक ठेवणे शहाणपणाचे ठरते. वाद झाला तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात बातमी वादाची येते आणि सत्कारमूर्ती शेवटच्या ओळीत जातात.

कार्यक्रमाचा दिवस

प्रमुख पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांत संपेल असे लेखी कळवावे, आणि ते शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावे, म्हणजे पुढची निमंत्रणे असलेले पाहुणे सन्मानाने जाऊ शकतात व उरलेला वेळ कामासाठी मोकळा राहतो. प्रत्येक सत्कारमूर्तीला किमान वीस मिनिटे द्यावीत आणि एकाच कामाबद्दल बोलण्याची विनंती करावी: पहिले रेखाचित्र, जागेवर आलेली अडचण, त्यामुळे केलेला बदल, आणि आज पुन्हा करायचे झाल्यास काय वेगळे करतील. नंतर विद्यार्थ्यांचे प्रश्न, आणि ते प्राचार्यांनी आधी चाळून न घेतलेले.

पुष्पहारांच्या राशीपेक्षा एक भेट मला फार योग्य वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सत्कारमूर्तीच्या इमारतीचे फीता घेऊन मोजमाप करावे, तलविन्यास (प्लॅन) आणि छेद (सेक्शन) १:१०० या प्रमाणात, दरवाजे-खिडक्यांचे व छपराचे तपशील १:१० मध्ये हाताने काढावेत, आणि ए-१ आकाराच्या कागदांचा तो बांधलेला संच सभेत द्यावा. मोजमाप करताना विद्यार्थ्यांना मूळ नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील फरक सापडतात, त्यावर सत्कारमूर्तींशी त्यांचे जे बोलणे होते ते अनेक तासिकांच्या तोडीचे असते. नियोजनकारासाठी त्याच धर्तीवर आराखड्यातील एका रस्त्याचे किंवा वस्तीचे सर्वेक्षण करावे. खानापूरच्या मातीचे एखादे भांडे आणि बेळगावी कुंद्याचा डबा सोबत दिला तर स्मृतिचिन्हाच्या काचेच्या तुकड्याची कोणाला आठवण येत नाही.

पहिल्या रांगेत सत्कारमूर्तींचे घरचे लोक, त्यांना शिकवलेले निवृत्त अध्यापक, आणि मॉडेल बनवायच्या कार्यशाळेत त्यांना करवत धरायला शिकवणारे मामा बसवावेत. ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी काम केले त्यांच्यापैकी एका-दोघांना मजुरीचा खाडा भरून देऊन बोलवावे व त्यांचीही नावे व्यासपीठावरून घ्यावीत.

नंतरच्या नोंदी

मोजमाप-रेखाचित्रांची दुसरी प्रत, मानपत्र, भेटीचा अहवाल आणि भाषणाचे ध्वनिमुद्रण ग्रंथालयात क्रमांक देऊन जमा करावे. घरमालकाची परवानगी असेल तरच खासगी घराचे नकाशे वाचकांना खुले करावेत, आणि दागिन्यांच्या कपाटासारखे तपशील त्यातून वगळावेत. निवड न झालेल्या प्रत्येकाला समितीच्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र जावे. त्यात भेटीच्या वेळी कामात काय आवडले याची दोन वाक्ये असावीत, आणि नामांकन पुढील दोन वर्षे पुन्हा अर्ज न करता विचारात राहील हे स्पष्ट लिहावे.